न तुटलेला आलेख

१

मंगळवारी सकाळी नऊ वाजता तोतारामने चेंबर नंबर दोनचं दार उघडलं आणि सगळ्यात आधी बाहेर आला तो वास. पिकल्या केळीचा वास चोपड्यात कोणाला नवा नाही, पण हा तो नव्हता. हा आंबलेला, गरम, घशाशी येणारा वास होता. तोतारामने वरच्या क्रेटमधलं एक केळं उचललं. साल हिरवट-करडी, आणि बोट लागताच आतला गर लापशीसारखा बाहेर आला. दुसऱ्या क्रेटमध्ये तेच, तिसऱ्यात तेच. शेजारच्या एक नंबरमधली केळी मात्र हळदीसारखी पिवळी निघाली होती. एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच मळ्यातली केळी दोन्हीकडे भरलेली, आणि एक खोली सोनं तर दुसरी चिखल.

हे चेंबर भटू आबा पाटलांचं. हिरवी केळी बंद खोलीत ठेवायची, चार दिवस सोळा-सतरा अंशांवर थंड ठेवायची, सुरुवातीला मोजून गॅस सोडायचा, मग हवा काढायची. की बाजारात जायला केळी तयार. थंडाव्याचं काम यंत्राचं. गॅसचं आणि हवेचं काम आबांच्या धाकट्या सुनेचं, सुलक्षणाचं. गॅसच्या खोलीची किल्ली गुढीपाडव्यापासून तिच्याच कमरेला होती.

बाहेर धुळ्याच्या झुलालशेठची गाडी उभी होती. ड्रायव्हरने आत डोकावून पाहिलं, नाकाला रुमाल लावला आणि शेठला फोन केला. शेठचं म्हणणं थोडक्यात होतं. माल गेला तर गेला, पण असं का झालं आणि कोणामुळे झालं ते संध्याकाळपर्यंत कळलं पाहिजे, नाही तर पुढची गाडी सावद्याच्या चेंबरवर जाईल.

तेवढ्यात ऑफिसातून योगराज दोन कागद घेऊन आला. योगराज हा आबांच्या मुलीचा मुलगा, शिकलेला आणि बोलण्यात चलाख. चेंबरमधलं यंत्र दर दहा मिनिटांनी तापमान टिपतं आणि चार दिवस पुरे झाले की कागदावर त्याचा ग्राफ काढून देतं. त्या सकाळी आठ वाजता आलेले हे दोन ग्राफ, तारखेचा शिक्का मारलेले. योगराजने दोन नंबरचा ग्राफ आबांपुढे धरला. रेघ सरळ होती. थंडावा बिनचूक होता.

यंत्राची चूक नाही म्हटल्यावर उरला गॅस. आणि गॅस म्हटल्यावर उरली एकच व्यक्ती. सगळे सुलक्षणाकडे बघायला लागले. ती म्हणाली की मोजूनच गॅस सोडला, वेळेवर हवा काढली, वहीत लिहिलंय. पण वहीसुद्धा तिनेच लिहिलेली.

आबा फार बोलणारे नव्हेत. "पाच वाजता किल्ली मना टेबलवर ठेवजो," ते सुनेला म्हणाले. मग मोठ्या सुनेकडे वळले. "हेमलता, तू रोज पोरेसले हाईच शिकाडस ना? देख मंग. शेठले सांगाले काहीतरी पक्कं पाहिजे."

हेमलताने दोन्ही कागद हातात घेतले. तिचा चेहरा गंभीर होता. पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी लाडू फुटत होते.

२

हेमलता प्रेमराज पाटील ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. एकोणीस वर्षं. गेल्या वर्षी दोन मुलांच्या वह्यांतला एकच चुकीचा ग्राफ पाहून कोणी कोणाचं उतरवलं हे तिने पाच मिनिटांत सांगितलं होतं, आणि तेव्हापासून गावात तिच्या डोळ्यांचा धाक होता. घरात मात्र त्या डोळ्यांचं कोणाला काही नव्हतं.

घरात होती सुलक्षणा. अमळनेरची, कॉमर्सची पदवीधर, सहा वर्षांनी लहान, आल्या दिवसापासून सगळ्यांची लाडकी. तिने केलेल्या शेवभाजीला आबा बोटं चाटत. हेमलताने तीच भाजी केली की, मीठ बरं आहे, म्हणत. चेंबर बांधलं तेव्हा हिशेब मोठीने केले, यंदा पाडव्याला किल्ली मात्र धाकटीला मिळाली. कारण काय, तर हेमलताला नोकरी आहे. नोकरी आहे म्हणून किल्ली नाही, आणि किल्ली नाही म्हणून चेंबरविषयी कोणी विचारत नाही. सुलू घरात आल्यापासून सहा वर्षं ती असं गिळत आली होती. गिळलेलं सगळंच पचतं असं नाही.

आणि त्यावर कळस झाला परवा, कानबाईला. श्रावणातल्या त्या रविवारी देवी घरात बसते, आणि सोमवारी सकाळी तिचा चौरंग डोक्यावर घेऊन घरची सून वाजतगाजत नदीला जाते. पाटलांकडे तो मान मोठ्या सुनेचा. पंधरा वर्षं हेमलताने तो चौरंग नेला होता. यंदा सासूबाईंनी, भिकुबाईंनी, सहज सांगावं तसं सांगितलं, "तुना गुडघा दुखस ना, माय. औंदा सुलू लई जाई." गुडघा दुखत होता हे खरं. पण त्याहून जास्त काय दुखलं ते सांगायची सोय नव्हती. रविवारी खोलीचं दार लावून ती नवऱ्यापुढे, प्रेमराजपुढे, जे बोलली, ते तिचं तिलाही पुन्हा ऐकवलं नसतं.

आता त्याच सुलूचं भवितव्य दोन कागदांवर आलं होतं आणि कागद हेमलताच्या हातात होते.

ती ऑफिसच्या टेबलाशी बसली. दोन नंबरचा ग्राफ बघितला. आडव्या अक्षावर तास, शून्य ते शहाण्णव. उभ्या अक्षावर तापमान. रेघ एकवीसवर सुरू होऊन सोळा-सतराकडे उतरलेली आणि तिथेच शेवटपर्यंत शांत. कुठे चढ नाही, उडी नाही. थंडाव्याची चूक नाही हे लहान पोरालाही दिसावं. म्हणजे गॅस. म्हणजे सुलक्षणा. हेमलताला वाटलं, चला, आपल्याला काही करायचंच नाही, फक्त खरं बोलायचं आहे. सोपं आणि गोड.

पण सवय वाईट. वर्गात ती पोरांना सांगायची की ग्राफकडे नुसतं बघू नका, त्याची सावली बघा. सूर्य डोक्यावर आहे असं समजा. रेघेची सावली आडव्या अक्षावर जिथे जिथे पडेल ते डोमेन. आता सूर्य बाजूला न्या. उभ्या अक्षावर सावली पडेल ती रेंज. सावली जिथे पडत नाही, तिथे फंक्शनच नाही. हे ती इतक्या वेळा बोलली होती की तिचं बोट आपोआप आडव्या अक्षावरून सरकायला लागलं. आधी एक नंबरच्या कागदावरून.

बोट साडेबहात्तरवर थांबलं. तिथे रेघ तुटलेली होती. नखाएवढी फट, कोणालाही वाटावं की छपाईत शाई अडकली. त्र्याहत्तरवर रेघ पुन्हा सुरू होऊन शेवटपर्यंत गेलेली. म्हणजे डोमेन अखंड नव्हतं: शून्य ते साडेबहात्तर, आणि मग त्र्याहत्तर ते शहाण्णव.

शुक्रवारी सकाळी आठला केळी भरली होती. बहात्तर तास म्हणजे सोमवारी सकाळचे आठ. साडेआठ ते नऊ यंत्राने काही टिपलंच नाही. हेमलताला आठवलं, सोमवारी साडेआठलाच तर लाईट गेली होती, मिक्सरमधली चटणी अर्धीच राहिली होती. लाईट गेल्यापासून जनरेटर सुरू होईपर्यंत यंत्र आंधळं. बरोबर होतं ते.

मग तिने दोन नंबरच्या कागदावरून बोट फिरवलं. शून्यापासून शहाण्णवपर्यंत सावली सलग. बहात्तर, साडेबहात्तर, त्र्याहत्तर. कुठे केसाएवढी फट नाही.

दोन्ही यंत्रं एकाच तारेवर. मग जेव्हा वीजच नव्हती, तेव्हा दोन नंबरचं तापमान टिपलं कोणी?

हेमलताने कागद खाली ठेवला. तिच्या मनातलं गोड एकदम कडू झालं. हा ग्राफ या आठवड्याचा नव्हताच. कोणीतरी तो बदलला होता.

३

सोमवारी चेंबरवर कोण होतं, हा पहिला प्रश्न. भिंतीवरच्या फळ्यावर तोतारामचं नाव होतं.

तोताराम मागच्या शेडमध्ये नासलेले क्रेट बाहेर काढत होता. सुलक्षणाकडे किल्ली येण्याआधी दहा वर्षं सगळं तोच बघायचा, गॅससकट. पाडव्यापासून त्याच्या हातात झाडू आणि क्रेट राहिले होते. हेमलताला त्याच्याविषयी थोडं आपलेपण वाटायचं. ज्याचं सुलक्षणामुळे काही गेलं तो आपल्या बिरादरीतला, असा तिचा हिशेब.

"मना घर बी कानबाई व्हती, माय," तो म्हणाला. "योगराजले सांगीसन मी सातलेच गयथू. बठ्ठा गाव नदीवर व्हता, मी एकलाच आठे काय करू?" मग त्याने क्रेट खाली ठेवला आणि विचारलं की सुलक्षणाबाईंना काढणार का. हेमलताने विचारलं, काढलं तर तुला बरं वाटेल का. त्याने बराच विचार करून सांगितलं की वाटेल, पण चार दिवसच. पाचव्या दिवशी वाईट वाटेल. असं खरं उत्तर देणारा माणूस कागद बदलेल का, हा विचार हेमलताने बाजूला ठेवला. खरं बोलणाराही एखादं खोटं सांभाळून ठेवतो.

योगराज ऑफिसबाहेर मोटारसायकलला टेकून फोनवर बोलत होता. मामीला बघून त्याने फोन ठेवला. हो, तोतारामऐवजी मीच थांबलो होतो, तो म्हणाला. सात ते बारा. साडेआठला लाईट गेली, जनरेटरने जरा त्रास दिला, नऊपर्यंत सुरू केला. जनरेटर सुरू केल्यावर प्रत्येक चेंबरचा खटका वेगळा पाडावा लागतो, तेव्हाच तिथे वीज जाते. दोन्ही पाडले का, असं तिने विचारलं. पाडले, तो म्हणाला, पण उत्तर द्यायला त्याला अर्धा क्षण जास्त लागला आणि त्याने नजर मोटारसायकलच्या आरशाकडे नेली.

योगराजला स्वतःचं चेंबर काढायचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आजोबांनी सुलक्षणामामीवर ठेवला तसा विश्वास आपल्यावर ठेवला नाही, हे तो लग्नकार्यात चारचौघांत बोलला होता. आणि सकाळी कागद आणून आबांपुढे धरणारा तोच. हेमलताला वाटलं, धागा हातात आला.

ऑफिसच्या पायरीवर सुलक्षणा बसली होती. रडून डोळे सुजले होते. नवरा, गोपाल, गाडीबरोबर दिल्लीला गेलेला, फोन लागत नव्हता. तिने हेमलताला एवढंच सांगितलं की आपण सोमवारी सकाळी सातपासून देवीचा चौरंग डोक्यावर घेऊन होतो, दुपारी घरी आलो, मग आल्यागेल्यांचं बघत बसलो. चेंबरकडे फिरकलोही नाही. "ताई, तुम्हाला ग्राफात काही दिसलं का?"

हेमलता म्हणाली, बघतेय अजून.

ते खोटं नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं, आणि हे तिला तेव्हाच कळलं.

४

कागद या आठवड्याचा नाही, मग कधीचा?

ती पुन्हा टेबलाशी बसली. आडवी सावली बोलून झाली होती; आता उभी. एक नंबरच्या कागदावर सावली सोळापासून अठ्ठावीसपर्यंत पडत होती. अठ्ठावीस हे पहिल्याच क्षणाचं. श्रावणातल्या उकाड्यात मळ्यातून आलेली केळी अठ्ठावीस अंशांची असायचीच. खोलीत आली की हळूहळू थंड व्हायची. दोन नंबरच्या कागदावर सावली सोळा ते एकवीस. एकाच मळ्यातली, एकाच सकाळी कापलेली केळी एका खोलीत अठ्ठावीस अंशांनी शिरली आणि दुसरीत एकवीसने? सात अंशांचा फरक कुठे गेला?

एकवीस अंशांची केळी चोपड्यात कधी मिळतात? पौषात. सातपुड्याकडून गार वारा सुटतो तेव्हा. म्हणजे हा हिवाळ्यातला ग्राफ. कोणीतरी जुना कागद शोधला, त्यावर आजचा शिक्का मारला, आणि खरा कागद नाहीसा केला. आणि निवडताना त्याने सगळ्यात देखणा निवडला, न तुटलेला. ज्याला ग्राफ वाचता येत नाही त्याला अखंड रेघ म्हणजे चांगली रेघ वाटते. ज्या गावात दर आठवड्याला लाईट जाते, तिथे खरी रेघ तुटलेलीच असते, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

म्हणजे बदलणारा माणूस हुशार नव्हता. योगराज हुशार होता. हेमलताचा धागा हातातून सुटायला लागला.

हिवाळ्यातल्या फाईली कुठे असतात? तिने कपाट उघडलं. पौषाची फाईल जाड आणि पूर्ण होती, क्रमांक लावलेले कागद, एकही गळालेला नाही. मग हा कागद आला कुठून?

यंत्र प्रत्येक ग्राफच्या दोन प्रती काढतं. एक शिक्का मारून फाईलला, दुसरी रद्दीत. रद्दीत. हेमलताने कागद उचलून खिडकीच्या उजेडात तिरका धरला.

आडव्या अक्षाच्या खाली, कागदावर दाबली गेलेली एक बारीक खाच दिसली. शून्यापासून शहाण्णवपर्यंत. पेन्सिलीची रेघ होती ती, खोडरबराने पुसलेली. दोन्ही टोकांना गोल टिंब, भरीव. उभ्या अक्षाच्या डावीकडे तशीच दुसरी, सोळा ते एकवीस, तिलाही दोन टिंबं.

ती खूण तिला ओळखायची गरज नव्हती. ती तिनेच केली होती. जानेवारीत अकरावीला डोमेन आणि रेंज शिकवायला खरेखुरे ग्राफ हवेत म्हणून रद्दीतल्या सात प्रती तिने घरी नेल्या होत्या, आणि प्रत्येकीवर पेन्सिलीने सावली काढली होती.

कागद तिच्याच कपाटातून आला होता.

५

घरी पोचायला तिला दहा मिनिटं लागली. भिकुबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. हेमलता थेट आतल्या खोलीत गेली, कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी काढली, मोजलं. सहा. शनिवारी वर्गातून आणून ठेवले तेव्हा सात होते; ती कागद मोजल्याशिवाय ठेवतच नाही.

शनिवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ. त्या अडीच दिवसांत या खोलीत कोण आलं? आणि इथे हेमलताला आपलं घर कधी नव्हे ते अंकगणितासारखं सरळ दिसलं. कारण ते कानबाईचे दिवस होते. देवीच्या नैवेद्याचे रोट संपेपर्यंत पाटलांच्या घरात आतल्या खोल्यांत परकं माणूस पाऊल टाकत नाही. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, ज्यांचं कूळ एक त्यांनीच. दर्शनाला येणारे ओसरीवरून परत जातात. तोताराम ओसरीवर आला असेल; आत नाही. योगराज मुलीचा मुलगा, कूळ वेगळं. तो लहानपणापासून या रिवाजावर चिडत आलेला, पण सासूबाईंनी त्याला कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता. या वेळीही नाही, हे तिने भिकुबाईंना विचारून पक्कं केलं.

तर आत कोण कोण होतं? गोपाल तर गाडीवरच होता. आबा, ज्यांना ग्राफ कशाशी खातात माहीत नाही आणि हे कपाट कोणतं तेही नाही. भिकुबाई, ज्या पोटच्या लेकीचं नाव काढावं तशी सुलूचं नाव काढतात. सुलक्षणा, जी स्वतःला चोर ठरवणारा कागद स्वतः चोरणार नाही. हेमलता.

आणि प्रेमराज.

कुंपणच शेत खातं असं म्हणतात. पण आपल्या शेताला कुंपण कुठलं, हे वेळेवर कोणाला कळतं?

तिने योगराजला फोन लावला. या वेळी तिने प्रश्न विचारला नाही, अंदाजानेच बाण सोडला. ती म्हणाली, "तू लाईट जायच्या आधीच निघून गेलास. कोणाला सोपवून गेलास ते सांग."

पलीकडे मोटारसायकल बंद झाल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मोठे मामा आले होते. म्हणाले, जा तू मिरवणुकीला, मी थांबतो. मी गेलो. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला, म्हणाले, तू बारापर्यंत होतास असंच सांग. मामी, मला वाटलं ते जनरेटरचं काही असेल. मला केळीचं माहीत नव्हतं."

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला होता.

हेमलता पलंगाच्या कडेवर बसली. आता सगळं दिसत होतं. जनरेटर सुरू झाला, एक नंबरचा खटका पडला, दोनचा राहिला. साडेचारला लाईट परत येईपर्यंत दोन नंबर बंद. पिकणारी केळी स्वतःच तापतात. आठ तासांत आत भट्टी झाली असणार. खऱ्या ग्राफवर आठ तासांची मोठी फट असेल आणि फटीच्या पलीकडे रेघ तिशीच्या वर सुरू झालेली असेल. त्या कागदाच्या दोन्ही प्रती आता राखेत असतील.

हे सगळं फक्त तिला माहीत होतं. ती काही बोलली नाही, तर पाच वाजता किल्ली टेबलावर येईल आणि तिथून कोणाकडे जाईल याविषयी शंकाच नव्हती. नवरा वाचेल. शेठची गाडी येत राहील. फक्त सुलक्षणा गॅस न कळणारी बाई म्हणून ओळखली जाईल, गोपाल मान खाली घालेल, आणि शेवभाजी कितीही चांगली झाली तरी कोणी बोटं चाटणार नाही. हेमलताने ते चित्र बघितलं, आणि तिला ते आवडलं. इतकं आवडलं की तिला स्वतःची भीती वाटली.

ती तिथेच बसून राहिली. दोन वाजले. तीन वाजले. भिकुबाई जेवायला बोलवून गेल्या.

६

पाच वाजता ऑफिसात सगळे जमले. सुलक्षणाने कमरेची किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. आबांनी ती उचलून हेमलतापुढे सरकवली. म्हणाले, उद्यापासून सकाळची वेळ कॉलेजात, बाकीची इथे. जमेल ना? प्रेमराज दाराशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर इतकं सुटल्यासारखं हसू होतं की हेमलताला त्याची कीव आली.

"आबा, आधी हे बघा," ती म्हणाली.

तिने दोन्ही कागद शेजारीशेजारी ठेवले आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. एक नंबरची फट, साडेबहात्तर ते त्र्याहत्तर, लाईट गेली ती वेळ. दोन नंबरला फट नाही. अठ्ठावीसची केळी आणि एकवीसची केळी. श्रावण आणि पौष. मग कागद उजेडात तिरका धरून पुसलेल्या खाचा दाखवल्या आणि त्या कोणाच्या ते सांगितलं. योगराजने मान खाली घालून आपला वाटा कबूल केला. नवऱ्याचं नाव तिने घेतलं तेव्हा तिचा आवाज बदलला नाही. तो बदलू नये म्हणूनच ती चार तास बसली होती, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

आबांनी थोरल्याकडे बघितलं. "कसाले करं रे हाई?"

प्रेमराज म्हणाला की खटका विसरलो. ढोल ऐकू आले म्हणून फाटकापर्यंत गेलो आणि डोक्यातून गेलं. मग घाबरलो, आणि आज आठला सगळ्यांच्या आधी येऊन कागद बदलला. "चुकलं, आबा. भीती वाटली." एवढं बोलून त्याने बायकोकडे बघितलं आणि थांबला. त्याने तिला वाचवलं होतं. ती गप्प राहिली असती तर गोष्ट तिथेच संपली असती.

"खटका विसरूनच राहिला, ते खरं," हेमलता म्हणाली. "पण कागद भीतीने नाही बदलला. भीती असती तर नुसता फाडला असता. रविवारी मी यांना म्हणाले होते की चेंबर तिचं, देवी तिची, सगळं घर तिचं. एकदा तरी तिच्या हातून काही बिघडू दे आणि सगळ्यांना दिसू दे. हे मी म्हणाले. यांनी ऐकलं."

बाहेर तोताराम पाइपने दोन नंबरची फरशी धूत होता, त्याचा आवाज येत राहिला.

आबांनी प्रेमराजला सांगितलं की यापुढे चेंबरच्या आवारात यायचं नाही आणि शेठला फोन तूच करायचा, स्वतःच्या तोंडाने. मग त्यांनी किल्ली हेमलतापुढून उचलली आणि हातातच धरून ठेवली. तिला विचारलं, तुला हवी होती ना?

"हवी होती. अजून हवी आहे," ती म्हणाली. "पण हिच्याकडून हिसकावलेली नको."

किल्ली सुलक्षणाच्या हातात गेली. बाकीचे एकेक करून बाहेर पडले. सुलक्षणा मात्र तिथेच उभी होती.

"तुम्हाला कधी कळलं, ताई?"

"एक वाजता."

"एक वाजता मी या पायरीवर बसले होते."

"हो."

"मग पाचपर्यंत काय करत होत्या?"

हेमलताने तिच्याकडे बघितलं. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. "सांगू की नको, ते ठरवत होते. बराच वेळ नकोच वाटत होतं."

सुलक्षणाने किल्ली कमरेला खोचली. "चार तास," ती म्हणाली. "मी असते ना तुमच्या जागी, तर बोललेच नसते."

"का?"

"बाजारात तुमची जुनी पोरं गाडी थांबवून तुमच्या पाया पडतात. मी शेजारी पिशवी धरून उभी असते. दर वेळी वाटतं, एकदा यांनी वर्गात सपशेल चुकावं आणि साऱ्या गावाला कळावं. दर वेळी." ती हसली नाही. "फक्त माझा नवरा गाडीवर असतो, ऐकायला घरी नसतो. मी हे कोणाला बोलले नाही, एवढाच फरक."

ती बाहेर गेली. तोतारामने पाइप बाजूला ठेवून तिला पाण्याचा तांब्या दिला, आणि हेमलताला वाटलं, पाणीसुद्धा आधी हिलाच. मग तिने टेबलावरचे दोन्ही कागद घडी करून पर्समध्ये ठेवले, दिवा बंद केला, आणि फाटकाशी मोटारसायकल घेऊन थांबलेल्या नवऱ्याकडे चालायला लागली.